मिल्टन आणि मध्यरात्रीचा दिवा



वार्षिक परीक्षा जवळ आल्या की पालकसभेत आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला असा की, मुले रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली वाचत बसतात, त्याने त्यांचे डोळे तर जाणार नाहीत ना? दुसरा असा की, परीक्षेपर्यंत खेळाचा तास बंद करून तो गणिताला का देत नाही? वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. आम्हालाही बरीच वर्षे तो दिसला नव्हता. म्हणून या अंकात एका अशा थोर पुरुषाचे चरित्र सांगावे असे ठरविले, ज्याने लहानपणी मध्यरात्रीपर्यंत दिव्याखाली वाचले, जो पुढे पूर्ण आंधळा झाला आणि त्या अंधारातच ज्याने इंग्रजी भाषेतील सर्वांत मोठे महाकाव्य रचले. त्यांचे नाव जॉन मिल्टन.

मिल्टन यांचा जन्म 9 डिसेंबर 1608 रोजी लंडन शहरातील ब्रेड स्ट्रीट या गल्लीत झाला. शेक्सपिअर तेव्हा हयात होते. वडिलांचेही नाव जॉन मिल्टनच होते. दस्तऐवज लिहून देणे आणि पैशांचे व्यवहार जुळवून देणे हा त्यांचा व्यवसाय. घरची परिस्थिती चांगली होती. वडील संगीताचे जाणकार होते व स्वतः रचनाही करीत. मुलगा हुशार आहे हे त्यांनी लवकर ओळखले आणि त्याच्या शिक्षणात काही कमी पडू दिले नाही. घरी शिकवायला शिक्षक ठेवले आणि जवळच असलेल्या सेंट पॉल शाळेत घातले. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, इटालियन अशा भाषा या मुलाने एकामागून एक आत्मसात केल्या.

बारा वर्षांचा असल्यापासून जॉन मध्यरात्रीपूर्वी क्वचितच झोपायला जाई. त्याच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे की मुलगा रात्री बारा-एक वाजेपर्यंत वाचत बसे आणि तोवर घरातील मोलकरणीनेही जागे राहावे अशी वडिलांची आज्ञा होती. बिचारी दिवसभर काम करून दमलेली ती बाई रात्री डोळे चोळत बसून राहत असेल. तिचे नाव इतिहासाने ठेवले नाही.

त्या काळचा दिवा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजून घ्यावे लागेल. श्रीमंतांकडे मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या असत. सामान्य घरांत जनावरांच्या चरबीच्या. त्यांना वास येई, धूर होई आणि जळालेली वात पुन्हापुन्हा कात्रीने छाटावी लागे, नाही तर उजेड मंद होत जाई. एका मेणबत्तीपासून अर्धा मीटर अंतरावर पुस्तक धरले तर त्यावर सुमारे 4 लक्स इतकाच प्रकाश पडतो. लक्स हे उजेड मोजण्याचे माप आहे. आज वर्गखोलीत 300 लक्स किंवा त्याहून अधिक उजेड असावा अशी अपेक्षा असते. आणि ढगाळ दिवशीही मैदानावर दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो. हे तीन आकडे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

1625 साली जॉन केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाला. 1629 मध्ये बी. ए. आणि 1632 मध्ये एम. ए. झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरची इच्छा होती, पण त्याचे मन तिकडे वळले नाही. मग पदवी मिळाल्यावर हा तरुण नोकरी न करता सुमारे सहा वर्षे वडिलांच्या घरी राहून केवळ वाचत राहिला. आजच्या किती वडिलांनी हे सहन केले असते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला. त्या वडिलांनी केले.

1638 मध्ये मिल्टन युरोपच्या प्रवासाला निघाले. फ्लॉरेन्स शहराजवळ त्यांची भेट वृद्ध गॅलिलिओशी झाली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे म्हटल्याबद्दल धर्मसत्तेने गॅलिलिओंना घरातच नजरकैदेत ठेवले होते. ज्या डोळ्यांनी त्यांनी गुरूचे चंद्र प्रथम पाहिले, ते डोळे तोपर्यंत पूर्ण गेले होते. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिल्यामुळे ते आंधळे झाले अशी समजूत अजूनही ऐकू येते. वास्तविक सूर्यावरच्या डागांचे त्यांचे निरीक्षण 1613 पर्यंतचे आणि दृष्टी गेली 1637 च्या अखेरीस. मधे वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. (अर्थात, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कोणीही कधीही पाहू नये. त्याने खरोखरच इजा होते.) एकोणतीस वर्षांचा तो डोळस तरुण त्या अंध वृद्धापुढे बसला असेल तेव्हा आपलेही पुढे हेच होणार आहे, याची त्याला काय कल्पना!

इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात संघर्ष पेटू लागला होता. मिल्टन 1639 मध्ये परत आले आणि लंडनमध्ये राहून मुलांना शिकवू लागले. आरंभी त्यांचे विद्यार्थी म्हणजे बहिणीचे दोन मुलगे, एडवर्ड आणि जॉन फिलिप्स. पुढे आणखी मुले आली. म्हणजे आम्हा मंडळींच्या व्यवसायातलेच ते एक. 1644 साली त्यांनी शिक्षणावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात भाषा आणि विज्ञान यांबरोबर मुलांच्या शारीरिक व्यायामासाठी रोजचा वेळ राखून ठेवला आहे. ज्याचे स्वतःचे बालपण पुस्तकांत गेले त्याने हे लिहावे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. त्याच वर्षी त्यांनी छपाईवरच्या सरकारी परवान्याच्या बंधनाविरुद्ध ‘एरिओपॅजिटिका’ हे प्रसिद्ध निबंधवजा पुस्तक काढले. विचारस्वातंत्र्याची बाजू मांडणारे ते पुस्तक आजही वाचले जाते.

याच सुमारास, वयाच्या पस्तीस-छत्तिसाव्या वर्षी, डोळ्यांनी कुरकुर सुरू केली. पुढे 1654 साली मिल्टन यांनी एका ग्रीक स्नेह्याला पत्र लिहून आपल्या आजाराची सविस्तर हकिकत कळविली. हा स्नेही पॅरिसमधील एका डॉक्टरचा सल्ला घेणार होता. रोग्याने स्वतः लिहिलेला इतका काळजीपूर्वक वृत्तान्त त्या काळात विरळाच. सकाळी वाचायला बसले की डोळे आतून दुखत आणि वाचन नको म्हणत. थोडा व्यायाम केला की बरे वाटे. दिव्याकडे पाहिले की ज्योतीभोवती इंद्रधनुष्यासारखे रंगीत कडे दिसे. मग डाव्या डोळ्याच्या डाव्या बाजूला धुके येऊ लागले आणि त्या बाजूच्या वस्तू दिसेनाशा झाल्या. उजवा डोळा मिटला तर समोरच्या वस्तू लहान वाटत. तीन वर्षांत दुसऱ्या डोळ्याचीही तीच गत होत गेली. शेवटी राहिला तो राखेच्या रंगाची झाक असलेला अंधार आणि कुठे तरी उजेडाचा एखादा कवडसा.

डोळे असे जात असतानाच देशात उलथापालथ झाली. 30 जानेवारी 1649 रोजी राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला आणि इंग्लंड प्रजासत्ताक बनले. नव्या सरकारने मार्च 1649 मध्ये मिल्टन यांना परराष्ट्रांशी होणाऱ्या लॅटिन पत्रव्यवहाराचे सचिव नेमले. राजाच्या बाजूने सॅल्मेशियस नावाच्या मोठ्या विद्वानाने ग्रंथ लिहिला होता, त्याला उत्तर देण्याचे काम 1650 च्या आरंभी त्यांच्याकडे आले. तोपर्यंत एक डोळा जवळजवळ गेला होता. हे काम हाती घेतलेत तर दुसराही गमवाल, असे वैद्यांनी बजावले. मिल्टन यांनी विचार केला आणि काम स्वीकारले. 1651 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि युरोपभर गाजला. 1652 च्या आरंभी मिल्टन पूर्ण आंधळे झाले होते. वय अवघे त्रेचाळीस.

ते वर्ष त्यांना फार कठीण गेले. मे महिन्यात पत्नी मेरी धाकट्या मुलीला, डेबोराला, जन्म देऊन वारली. पुढच्याच महिन्यात एक-सव्वा वर्षाचा मुलगा गेला. पदरात तीन लहान मुली आणि डोळ्यांपुढे अंधार. त्यात विरोधकांनी उठविले की राजहत्येचे समर्थन केले म्हणून देवाने ही शिक्षा दिली. मिल्टन यांनी 1654 च्या ग्रंथात याला उत्तर दिले. आंधळेपण हे पापाचे फळ नव्हे, असे त्यांनी ठामपणे मांडले आणि आपल्या परीने कारणही सांगितले. लहानपणापासून मध्यरात्रीपर्यंत केलेले वाचन हे डोळे बिघडण्याचे पहिले कारण, असे त्यांचे मत होते. त्याच्याच जोडीला आपले डोळे जात्याच अशक्त होते आणि डोके वारंवार दुखत असे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले.

लोकांनी मात्र पहिले कारण तेवढे लक्षात ठेवले. दिव्याखाली वाचून डोळे गेले, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला पटणारी. आपल्याकडेही कंदिलाच्या काळापासून हेच ऐकत आलो. 2003 च्या सुमारास मध्य प्रदेशात तासन्‌तास वीज जात असे, तेव्हा मेणबत्तीपुढे पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला घरातील कोणी ना कोणी हाच धाक घालीत असे. याच्या अगदी उलट, प्रार्थनासभेत आम्हीच रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचून मोठ्या झालेल्यांच्या गोष्टी सांगून मुलांना रात्र जागविण्याची प्रेरणा देत आलो. एका तोंडाने भीती आणि दुसऱ्या तोंडाने कौतुक!

मग खरे काय? आजचे नेत्रवैद्यक असे सांगते की कमी उजेडात वाचल्याने डोळे थकतात, पण जात नाहीत. मंद प्रकाशात बाहुली मोठी होते आणि अक्षर नेमके दिसायला कठीण जाते. आपण पुस्तक आणखी जवळ ओढतो. पापण्या कमी वेळा मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. विश्रांती घेतली की हे सारे ओसरते. मेणबत्तीच्या चार लक्सने कोणाची दृष्टी कायमची नाहीशी होत नाही. तसे असते तर विजेच्या दिव्यापूर्वीचे सारे शास्त्री-पंडित आंधळेच झाले असते.

मिल्टन यांना नेमके काय झाले होते, यावर डॉक्टर मंडळींत अजूनही चर्चा चालते. डोळे बाहेरून स्वच्छ दिसत, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणजे पिकलेला मोतीबिंदू नसावा. दिव्याभोवतीचे रंगीत कडे, डोकेदुखी आणि कडेने सुरू होऊन हळूहळू पसरणारे धुके या खुणांवरून अनेकांना काचबिंदूची शंका येते. काचबिंदू म्हणजे आपल्या भागात हिंदीत ज्याला काला मोतिया म्हणतात तो रोग. त्यात बहुधा डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू मरत जाते. दुसरे काही जण म्हणतात की डोळ्याच्या आतील पडदा सुटला असावा. मिल्टन यांच्या वडिलांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी चष्म्याशिवाय वाचता येई आणि आईला मात्र तिशीनंतर लगेच चष्मा लागला होता, अशीही नोंद आहे. म्हणजे डोळ्यांचा अशक्तपणा घरातूनही आला असेल. रोग कोणताही असो, दिवा हे त्याचे कारण नव्हते. उलट, दिव्याने इशारा दिला होता. ज्योतीभोवतीचे ते रंगीत कडे हाच तो इशारा. तो ओळखणारा वैद्य मात्र त्या काळी जगात नव्हता.

त्या वेळचे उपचार म्हणजे रेचके, आणि कातडीला छेद देऊन त्यात दोरा ओवून जखम वाहती ठेवणे. त्यांनी बरे होण्याऐवजी नुकसानच झाले, असे त्यांच्या जवळच्यांना वाटे. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी जगापुढे मांडले ते 1851 साली, मिल्टन यांच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी. काचबिंदूवरची पहिली परिणामकारक शस्त्रक्रिया आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी 1857 मध्ये जाहीर केली. मिल्टन यांना यातले काहीच मिळण्यासारखे नव्हते. आपल्याला सर्व मिळण्यासारखे आहे, आणि तरीही आपण दिव्याला दोष देऊन मोकळे होतो.

आता पुढची कथा. आंधळे झाल्यावरही मिल्टन काही वर्षे सरकारी काम करीत राहिले. मजकूर ते तोंडी सांगत आणि मदतनीस लिहून घेत. 1656 मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला, पण दोनच वर्षांत ती पत्नीही गेली. 1660 मध्ये राजेशाही परत आली. राजहत्येचे समर्थन करणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. मिल्टन यांना मित्रांच्या घरी लपून राहावे लागले. त्यांची पुस्तके जाहीरपणे जाळण्यात आली. त्यांना कैदही झाली. कवी अँड्र्यू मार्व्हेल यांच्यासारख्या स्नेह्यांनी रदबदली केली म्हणून डिसेंबर 1660 मध्ये ते सुटले. पद गेले, बचत बुडाली, ज्या राज्यपद्धतीसाठी डोळ्यांची पर्वा केली नाही तीही संपली.

अशा अवस्थेत या माणसाने आयुष्यभर मनात बाळगलेले काम पुरे केले. ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे ते महाकाव्य. आदम आणि हव्वा यांच्या हातून स्वर्गीय उद्यान कसे गेले, हा त्याचा विषय. दहा हजारांहून अधिक ओळी, आणि पूर्ण झालेले काव्य कवीला कागदावर पाहता आले नाही. मिल्टन रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मनातच रचना करीत आणि पहाटे उठून लेखनिकाची वाट पाहत बसत. कधी दहा, कधी वीस, कधी तीस ओळी एका बैठकीत सांगत. जो कोणी हाताशी असेल तो लिहून घेई. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका राहत, त्या भाचा एडवर्ड तपासून दुरुस्त करी. याच एडवर्डने लिहून ठेवले आहे की मामांची प्रतिभा शरद ऋतूपासून वसंतापर्यंतच मोकळी वाहत असे, उन्हाळ्यात काही जमत नसे.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. मेरी आणि डेबोरा या मुलींना वडिलांना ग्रंथ वाचून दाखवावे लागत, तेही ज्यांचा अर्थ त्यांना कळत नव्हता अशा भाषांतले. उच्चार शिकविले, पण भाषा शिकविल्या नाहीत. मुली कंटाळल्या, चिडल्या आणि घरात कटुता आली. मोठ्या माणसाच्या चरित्रातील ही उणीव आहे. जो मुलगा मध्यरात्रीपर्यंत वाचावा म्हणून मोलकरीण जागविली गेली, त्याला स्वतःच्या मुलींना शिकवावेसे वाटू नये, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. 1662 च्या सुमारास टॉमस एलवूड नावाचा तरुण त्यांना लॅटिन वाचून दाखवायला येऊ लागला. तो शिकण्यासाठीच येत असे, म्हणून दोघांचेही भले झाले. 1665 मध्ये लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ आली तेव्हा त्यानेच चॅलफाँट सेंट जाइल्स या खेड्यात मिल्टन यांच्यासाठी घर पाहून दिले. 1663 मध्ये झालेली तिसरी पत्नी एलिझाबेथ हिने अखेरपर्यंत त्यांचा सांभाळ केला.

एप्रिल 1667 मध्ये सॅम्युएल सिमन्स या प्रकाशकाशी करार झाला. आधी 5 पौंड आणि पहिली आवृत्ती खपल्यावर आणखी 5 पौंड. इंग्रजी भाषेतील या थोर महाकाव्याचे मिल्टन यांना मिळाले ते एकूण 10 पौंड! 1671 मध्ये आणखी दोन काव्ये आली. त्यांतील एकाचा नायक सॅम्सन हा शत्रूंनी डोळे काढलेला वीर आहे. कवीने त्याच्यात स्वतःचे दुःख ओतले असेल, असे वाचकाला वाटल्यावाचून राहत नाही.

अखेरच्या वर्षांतली त्यांची दिनचर्या मुलांना सांगण्यासारखी आहे. रात्री बारापर्यंत जागणारा तो मुलगा म्हातारपणी पहाटे चार-पाचला उठणारा झाला होता. सकाळी प्रथम हिब्रू बायबल वाचून घेणे, मग चिंतन, मग मजकूर सांगणे. जेवणानंतर बागेत चालणे, ऑर्गन वाजविणे. वाताच्या विकाराने सांधे दुखत, तरी आनंदी राहत. नोव्हेंबर 1674 मध्ये त्यांचे शांतपणे निधन झाले. लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये वडिलांच्या शेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली.

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे येऊ.

पालकांनो, दिव्याला घाबरू नका, पण डोळ्याच्या तक्रारीकडे दुर्लक्षही करू नका. मूल फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करीत असेल, पुस्तक नाकाशी धरीत असेल, डोके दुखते असे वारंवार म्हणत असेल, तर फार वाचतो किंवा फार टीव्ही बघतो म्हणून विषय संपवू नका. नेत्रतज्ज्ञांना दाखवा. तुम्हा मोठ्यांनाही हेच लागू. काचबिंदू बहुधा गाजावाजा न करता येतो. चाळिशीनंतर, आणि घरात कोणाला हा रोग असेल तर अवश्य, डोळ्यांचा दाब व नस तपासून घ्यावी. त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही, पण उरलेली औषधाने किंवा शस्त्रक्रियेने वाचविता येते. दिव्याभोवती रंगीत कडे दिसू लागले आणि सोबत डोळा दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

विद्यार्थ्यांनो, उजेड चांगला घ्या. दिवा असा ठेवा की लिहिताना हाताची सावली वहीवर पडणार नाही. वीस-पंचवीस मिनिटे वाचल्यावर क्षणभर मान वर करून खिडकीबाहेर दूर पाहा. अंधाऱ्या खोलीत अंथरुणात मोबाइल बघू नका. त्याच्या प्रकाशाने डोळे जळत नाहीत, पण झोप मागे ढकलली जाते, आणि झोप न झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात डोळे उघडे ठेवूनही काही पाहत नाही, हे आम्ही रोज अनुभवतो.

आता खेळाचा तास. जर्मन डॉक्टर हर्मान कोन यांनी ब्रेस्लाऊ या शहरात आणि परिसरात 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासून 1867 मध्ये दाखवून दिले होते की जसजशी इयत्ता वाढते तसतशी जवळच्या नजरेची, म्हणजे लांबचे अंधुक दिसणारी, मुले वाढतात. तेव्हापासून शाळांच्या खिडक्या आणि दिवे सुधारण्याकडे जगाचे लक्ष लागले. ते आवश्यकच होते. पण अलीकडे एक नवी गोष्ट कळली. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जास्त उघड्यावर नेले. तीन वर्षांनी पाहिले तर या मुलांपैकी 30.4 टक्के जणांना लांबचे अंधुक दिसू लागले होते. बाकीच्या शाळांत हे प्रमाण 39.5 टक्के होते. 2015 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाढत्या वयात डोळ्याला दिवसाचा भरपूर उजेड मिळाला तर बुबुळामागचा गोल गरजेपेक्षा लांबत नाही, असे मानले जाते. वरचे तीन आकडे आठवा. वर्गातले 300 लक्स कुठे आणि मैदानावरचे दहा हजार कुठे! कितीही ट्यूबलाइट लावल्या तरी ती भर निघणार नाही.

म्हणूनच विश्वस्त मंडळी आणि पालक यांच्यापुढे आमची एक कबुली आणि एक विनंती आहे. पूर्वी परीक्षेच्या आधीचे दोन महिने आम्हीच खेळाचा तास काढून गणिताला देत होतो. कोणी विचारले तर अभिमानाने सांगतही होतो. ती आमची चूक होती. यापुढे खेळाचा तास दहावीच्या वर्गासाठीही बंद होणार नाही. त्या वेळेत मुले मैदानावरच असतील, निदान झाडाखाली तरी बसतील. गुण दोन कमी पडले तर आमच्याशी भांडा, आम्ही ऐकून घेऊ.

मिल्टन यांच्या वडिलांनी मुलासाठी रात्रीचा दिवा जळत ठेवला, तो प्रेमापोटीच. आपणही तो जळत ठेवू या. पण दहा वाजता तो विझवूही या, आणि सकाळी मुलांना उन्हात सोडू या.